सर्व लोकांस कळावे

कोलशेतच्या खाडीवर मी अधूनमधून संध्याकाळी जातो. कोलशेत रोडला राहायला आल्यापासूनची सवय. एका बाजूला तिशी-चाळिशी मजल्यांचे टॉवर, दुसऱ्या बाजूला खारफुटी, मध्ये चिखलात टेकलेल्या होड्या आणि पलीकडच्या तीरावर काल्हेर. ओहोटी असेल तर निवट्या पकडणारी पोरं दिसतात. तिथल्या एका होडीवाल्या काकांकडून मी कधी बोईट, कधी चिंबोऱ्या घेतो. मी शिक्षक आहे एवढं त्यांना ठाऊक आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो हे सांगितलं तेव्हा ते थोडे बुचकळ्यात पडले होते. मग म्हणाले, "म्हंजे दोन्ही लिवता-वाचता येतं ना? मंग झालं."

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी मला हाक मारली. खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक कागद बांधलेला होता. "सर, यो कागुद वाचून सांगा." मी वाचला. खाडीच्या एका पट्ट्यात "नौका नांगरण्यास व जाळी प्रस्थापित करण्यास प्रतिबंध" करण्यात येत असून "हितसंबंधितांनी आपल्या हरकती विहित मुदतीत लेखी स्वरूपात सादर कराव्यात" असं त्यात होतं. काकांना मराठी वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलेत. अक्षरं त्यांनी माझ्याआधीच लावली होती. अडलं होतं ते अक्षरांच्या पुढे. 'हितसंबंधित' म्हणजे आपणच, हे त्यांना कळलं नव्हतं. मुदत संपायला चार दिवस उरले होते.

कार्यालय कुठलं ते सांगत नाही. त्यानं काही फरक पडत नाही. अशा कागदाची जात जुनी आहे आणि या पाण्यावर तिची वंशावळ साडेचारशे वर्षं मागे जाते. त्या रात्रीपासून मी ती वंशावळ शोधत बसलो. त्यातलं जे हाती लागलं ते लिहितो आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण माझा धंदा तोच आहे. आपल्या किनाऱ्यावर कुठेही 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी असते. 'सक्त' फारसी, 'मनाई' अरबी. तिच्याखाली 'हुकूमावरून' असेल तर तोही अरबी. ज्या किनाऱ्यावर ती पाटी आहे तो 'किनारा' फारसी, 'बंदर' फारसी, 'दर्या' फारसी. बंदरावरच्या माणसांकडे वळलो तर 'खलाशी' अरबी आणि 'नाखवा' म्हणजे फारसी नाखुदा, होडीचा धनी. होडीचं 'सुकाणू' अरबी, 'तुफान' अरबी आणि तुफानाचा 'मोसम'ही अरबीच. तो पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि त्याचा 'मान्सून' झाला. काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमी तर आमचीच भाषा बोलतो." बरोबरच आहे. शब्द चार-पाचशे वर्षं एखाद्या घरात राहिला की तो घरचाच. मी वर्गात हीच यादी फळ्यावर लिहितो तेव्हा माझ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मराठीच्या तासाला आपण परक्याच्या घरी आलोय असं वाटणाऱ्या मुलाला 'सुकाणू' हा शब्द फार कामाला येतो.

आता कागदाकडे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि ठाणे, साष्टीसह ही सगळी खाडी दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिली. समुद्रावर चालणाऱ्या प्रत्येक देशी जहाजानं आपल्याकडून 'कार्ताझ' घ्यावा, असा त्यांचा नियम होता. कार्ताझ म्हणजे परवाना. जहाज कुणाचं, कुठून कुठे जाणार, काय माल नेणार, कोणत्या बंदरावर जकात भरणार, हे त्यात लिहिलेलं. मिरी आणि हत्यारं न्यायची नाहीत. कागद नसेल तर जहाज जप्त. आपल्याच समुद्रावर फिरायला परक्याचा कागद लागू लागला तो तेव्हापासून.

हा कागद मोठमोठ्यांनाही चुकला नाही. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली. ती सुरतेला पोहोचली आणि जवळजवळ वर्षभर तिथे अडकून पडली. कारण पोर्तुगीजांचा परवाना. अर्ध्या हिंदुस्थानच्या मालकाची आत्या किनाऱ्यावर कागदाची वाट पाहत बसलेली! त्याच काळातली बदायुनीने नोंदवलेली एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही. दरबारातले मोठे आलिम मखदूम-उल-मुल्क यांनी असं मत दिलं की आता हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हज फर्ज राहिलेला नाही. जमिनीच्या वाटेने जावं तर शिया मुलखातून जावं लागतं आणि समुद्राच्या वाटेने जावं तर फिरंग्यांचा जो परवाना जवळ ठेवावा लागतो त्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रं असतात. एका सरकारी कागदावरच्या छापामुळे एका फर्जाचा प्रश्न उभा राहिला. आणि कागद असला म्हणजे सुटका असंही नव्हतं. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं 'रहिमी' हे हजयात्रेकरूंचं जहाज रीतसर परवाना असूनही पोर्तुगीजांनी पकडून नेलं.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी हीच रीत उलटवली. आमच्या पाण्यातून जाणार तर आमचा दस्तक घ्या, असं त्यांनी इंग्रजांना बजावलं. इंग्रजांनी तो घ्यायला नकार दिला आणि त्यांना चाचे ठरवलं. ज्याचा कागद आपण मानत नाही तो चाचा आणि ज्याचा मानावा लागतो तो सरकार, असा तो सरळ हिशेब होता. (शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली ती याच कल्याण-भिवंडीच्या खाडीत, आणि त्या आरमारात दौलतखान नावाचा सरदार होता, हे आमच्या शाळेत दर वर्षी एकदा तरी सांगावं लागतं. सांगायला आवडतंही.)

इंग्रजांनी ठाणे घेतलं ते १७७४ च्या डिसेंबरात. पुढची साठ वर्षं लढाया, तह आणि जम बसवण्यात गेली. मग पाण्यावर कायदे येऊ लागले. त्यातला माझा आवडता म्हणजे १८३८ चा एकोणिसावा कायदा, किनाऱ्यावरच्या गलबतांचा. मुंबई इलाख्यात राहणाऱ्या प्रजेची किनाऱ्याने व्यापार करणारी गलबतं, मासेमारीच्या होड्या, बंदरातले मचवे या सगळ्यांची नोंदणी करावी, दाखला जवळ ठेवावा, होडीवर तिचा नंबर आणि ठिकाण ठळक रंगवावं. तोवर होडीला नाव असायचं, देवाचं, आईचं, पीराचं. आता नंबर आला. पोर्तुगीजांना जहाज कुठे जातंय हे हवं होतं. इंग्रजांना होडी कुणाची आहे हे हवं होतं, मग ती कुठे जावो अथवा चिखलात पडून राहो. हा फरक लहान नाही. कार्ताझ मोठ्या जहाजांना छळायचा. या कायद्यानं निवट्या पकडणाऱ्याच्या होडीपर्यंत सरकारचा हात पोहोचवला.

आवडता म्हणालो ते त्याच्या आयुष्यमानामुळे. १८५७ चा उठाव झाला, कंपनी सरकार गेलं, राणी आली, राणी गेली, देश स्वतंत्र झाला, १९५८ मध्ये व्यापारी नौकानयनाचा नवा मोठा कायदा झाला, तरी हा जिवंतच. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली तेव्हा १८३८ चा हा कायदाही रद्द करावा असं त्यात म्हटलं होतं. १७८ वर्षं! आमच्या खाडीवर एवढं आयुष्य फक्त वडाच्या झाडांना मिळतं.

होड्यांनंतर तरीची पाळी आली. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानं सार्वजनिक तरी आणि आतल्या पाण्यातल्या नावा यांना नियम घातले. सरकारनं एखादी तर सार्वजनिक जाहीर करायची, तिचा मक्ता द्यायचा, मक्तेदारानं ठरल्याहून जास्त घ्यायचं नाही आणि दराचा तक्ता उतारूंना दिसेल असा लावायचा. कायदा म्हणून हे चांगलंच आहे. माणसाला पलीकडच्या तीरावर बाजाराला जायचंय, पाऊस कोसळतोय, तरवाला एकटाच आहे, तेव्हा तो मागेल तो दर. त्या लुटीला आळा घालणारा हा तक्ता होता. साम्राज्याच्या प्रत्येक कागदात फक्त जुलूमच होता असं मी म्हणणार नाही.

पण तो तक्ता वाचायचा कुणी? पाटी उतारूच्या बाजूची, तिचा फायदा उतारूचा आणि वाचता येणारा मात्र बहुधा मक्तेदाराचा कारकून. आपल्या हक्काची पाटी समोर आहे आणि तीच वाचून दाखवायला आपल्याला ज्याच्यापासून वाचवायचं त्याच्याच माणसाला विचारायचं! त्यात मराठी सरकारी कामकाज पुष्कळसं मोडीत चालायचं, छापील मजकूर बाळबोधीत यायचा, आमच्या कोकणी मुसलमान घरांत मुलं अरबी हरफ शिकायची आणि साहेबाचा मूळ हुकूम इंग्रजीत. एका खाडीवर चार लिप्या, आणि खाडीवरच्या बहुतेकांना त्यातली एकही धड वाचता येत नव्हती.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर जमीन-महसुलाच्या कायद्यात दवंडी पिटून जाहीर करण्याची तरतूद होती. जुन्या सरकारी कागदांची सुरुवात 'सर्व लोकांस कळावे' अशा धाटणीने व्हायची. हे 'कळावे' फार महत्त्वाचं आहे. वाचावे असं नाही, कळावे. आणि गावात कळायचं ते कानांनी. ढोल वाजायचा, महार किंवा कोतवाल चौकात उभा राहून ओरडायचा, मग लोक पारावर बसून त्याचा अर्थ लावायचे. मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर कुणीतरी उठून सांगायचं. कागद सरकारचा असायचा, पण त्याचा अर्थ सांगणारा गावचाच असायचा. तो चांगला असेल तर गाव वाचायचं, लबाड असेल तर बुडायचं.

लोकांच्या साक्षरतेवर न विसंबणारी एक जाहिरात मात्र इंग्रजांच्याच काळात या किनाऱ्यावर उभी राहिली, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. १८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं. दुसऱ्याच वर्षी तिथल्या बंदरावर वादळाचा इशारा देण्याची पद्धत सुरू झाली. ती १८८० मध्ये मुंबईकडे आली आणि १८९८ मध्ये देशातल्या सगळ्या बंदरांवर एकसारखे इशारे लागू झाले. दिवसा उंच काठीवर शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवायच्या, रात्री लाल-पांढरे दिवे. लिपी नाही, भाषा नाही. गुजराती नाखवा असो, मलबारी असो की आमचा दाभोळचा, मान वर केली की कळलं. आजही वर्तमानपत्रात 'बंदरावर तीन नंबरचा बावटा' असं छापून येतं ते त्याचंच लेकरू. सरकारला मनापासून वाटलं की लोकांना कळलंच पाहिजे, तर ते असं कळवता येतं. बावट्यात 'हितसंबंधित' नसतात.

अर्थात बावट्याआधीही लोक बुडण्याची वाट पाहत बसले नव्हते. भरतीचा हिशेब कोकणात पोरांनाही येतो: तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून यंत्रानं भरती-ओहोटीची नोंद होऊ लागली, तिच्यावरून तक्ते छापले जाऊ लागले, आणि त्या तक्त्यांची वेळ आणि पाऊणपटीची वेळ बहुधा फार लांब नसते. कोलशेतसारख्या आतल्या ठिकाणी भरती जरा उशिरा चढते, तेवढं धरून चालायचं. आमचे नाना हाच हिशेब चांदाच्या तारखेवर करायचे. इस्लामी महिना चंद्रदर्शनापासून सुरू होतो, त्यामुळे तिथी आणि चांदाची तारीख यांत एखाद-दोन दिवसांचं अंतर पडतं. नाना तेवढे मिळवायचे. समुद्राला शेवटी चंद्र एकच.

नानांचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबतो.

माझ्या आईचे वडील रत्नागिरीकडचे. कोकणातले हजारो मुसलमान पोटासाठी आगबोटीवर गेले. कुणी डेकवर, कुणी खाली इंजिनात कोळसा मारायला. नाना इंजिनातले. ते गेले तेव्हा मी पाचवीत होतो. त्यांची नल्ली, म्हणजे खलाशाच्या नोकरीचं सरकारी पुस्तक, आमच्याकडे अजून आहे. कोकणातल्या घरांत नल्ली घराच्या कागदांइतकी जपतात. तिच्यात त्यांचा तरुणपणीचा फोटो आहे, अंगावरच्या खुणा लिहिल्यात आणि सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा आहे.

तो ठसा पाहून मी लहानपणी चक्रावलो होतो. कारण नाना रोज पहाटे कुरआन वाचायचे, माझ्यासमोर, डोळ्यांवर चष्मा लावून, बोटाने ओळ धरून. मग अंगठा का? नानी म्हणाली, "त्यांचा वाचणां साहेबाच्या काय उपयोगाचा?" अरबी हरफ वाचता येत होते, पण इंग्रजी येत नव्हतं, देवनागरी येत नव्हती. म्हणून सरकारी दप्तरात ते निरक्षर. जनगणनेत, नल्लीत, सगळीकडे निरक्षर. माझ्या शाळेत पालकांचे फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यात मी एकदा थबकतो, ते त्यामुळे.

पण खलाशांच्या कायद्यात एक गोष्ट होती. १८५९ च्या आणि नंतर १९२३ च्या कायद्यानुसार खलाशी जहाजावर चढण्याआधी करारनामा त्याला वाचून दाखवायचा, समजावून द्यायचा आणि त्याला तो समजलाय याची खात्री करून घ्यायची, ही शिपिंग मास्टर या सरकारी अधिकाऱ्याची जबाबदारी होती. पगार किती, शिधा किती, कुठल्या बंदरावर सोडणार, सगळं. काठावरच्या पाटीला जे बंधन नव्हतं ते या कागदाला होतं. इथे कळलं की नाही ते पाहण्याचं ओझं कागद काढणाऱ्यावर होतं.

प्रत्यक्षात काय होत असे ते नानांनी आईला सांगितलं होतं आणि आई अजून त्यांच्याच बोलीत सांगते: "साहेबान वाचलान, सारंगान सांगितलान, मी आंगठा दिलंय." साहेबानं इंग्रजीत भराभर वाचायचं आणि सारंगानं दोन वाक्यांत सांगायचं. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. तोच भरती करणारा, तोच वेळप्रसंगी उसने पैसे देणारा, तोच पगारातून कापून घेणारा. म्हणजे पुन्हा तरीच्या तक्त्याचीच गोष्ट. पण नाना सारंगाबद्दल वाईट बोलत नसत. "तो नसता तर तेवढांही कललां नसतां," असं म्हणत. मी बी.एड.ला असताना आम्हाला संप्रेषणाचे घटक शिकवले होते, प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक. परीक्षेत मी छान आकृती काढली. सारंग त्या आकृतीत कुठेच नव्हता.

बंदरांचा १९०८ चा कायदा वाचायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं की कंटाळवाणा असेल. तसा नाही. त्या काळच्या बंदराचं चित्रच आहे ते. जहाजावर डांबर उकळायचं नाही. उघड्या दिव्याच्या उजेडात पिंपातून दारू काढायची नाही. कचरा आणि जहाजाचा भार समतोल ठेवायला भरलेले दगड-माती बंदरात टाकायची नाही. पाण्यात पडलेल्या वस्तू परवानगीशिवाय शोधायच्या नाहीत. लाकडी जहाजं, डांबर आणि दारू एका जागी असली तर काय होईल याची धास्ती प्रत्येक कलमात आहे. आणि त्यात एक कलम असंही आहे की बंदराच्या काठावरून परवानगीशिवाय दगड, खडी, वाळू, माती काढून न्यायची नाही.

हे कलम वाचून मी थांबलो. कोलशेत, काल्हेर, कशेळी, रेतीबंदर ही नावं ठाण्यात कशामुळे माहीत आहेत? रेतीमुळे. हातपाटीवाले पाण्यात बुडी मारून बादलीनं रेती काढायचे, श्वास कोंडून, दिवसभर. अर्धं ठाणं आणि पाऊण डोंबिवली या पाण्यातल्या रेतीवर उभी आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच होईल. मग सक्शन पंप आले, खाडीचा तळ ओरबाडला गेला, न्यायालयानं बंदी घातली, महसूलवाले बोटी पकडून तोडू लागले. बंदी हवीच होती, काठ ढासळत होते. पण पंपाचा मालक काठावर कधी राहतच नव्हता. कागद काठावर लागतो आणि दंड काठावरच्याला होतो. १९०८ चा तो कायदा २०२५ मध्ये संसदेनं बदलला, आतल्या पाण्यातल्या नावांचा १९१७ चा कायदा २०२१ मध्ये बदलला. आमची खाडी २०१६ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ आहे. काकांना मी हा नंबर सांगितला. त्यांनी आपल्या होडीवरच्या नंबराकडे पाहिलं आणि हसले.

एक कागद असा आहे की जो समुद्रावरचाही आहे आणि घरातलाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला, अगदी आटोपशीर. जाहीर सूचना काढून सरकारनं हवे ते नियम करावेत, घरं तपासावीत, गाड्या तपासाव्यात, बंदरातून निघणारी-येणारी जहाजं तपासावीत. त्याच फेब्रुवारीत मुंबईहून हजला जाणारी जहाजं बंद झाली. युरोपातल्या सरकारांना भीती होती की रोग मक्केमार्गे त्यांच्याकडे पोहोचेल. वर्षानुवर्षं पैसे साठवून, घरच्यांचा निरोप घेऊन मुंबईत येऊन थांबलेल्या म्हाताऱ्यांना ही बातमी कशी कळली असेल याचा मी विचार करतो. त्या वेळी प्रश्न फक्त परवानगीचा नव्हता. हजला निघालेला माणूस घरच्यांचं देणं-घेणं मिटवून, माफी मागून निघतो. त्याला परत जा म्हणणं सोपं नसतं, निदान ते सांगणारा त्याच्या ओळखीचा असावा. पुढच्या वर्षी, ९ मार्च १८९८ ला, मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला पथक न्यायला आलं तेव्हा मोमीन विणकर बिथरले आणि मुंबईत दंगल पेटली. रोग खरा होता, उपायही बरेचसे आवश्यक होते. पण दारात उभा असलेला माणूस अनोळखी होता आणि तो हुकूम घेऊन आला होता.

हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या दारावर इंग्रजी-मराठी सूचना चिकटवली गेली. कमिटीतल्या एका बुजुर्गांनी मला फोन केला: "सर, नमाज घरीच पढायची हे लोकांना समजेल असं सांगा. कागद वाचून दाखवू नका, सांगा." मी लाऊडस्पीकरवरून उर्दूत सांगितलं, मग मराठीत. सहा मिनिटं. आजार कसा पसरतो ते सांगितलं, साथ असेल त्या गावात जाऊ नये आणि असाल तर तिथून निघू नये ही हदीस सांगितली, मग सरकारी हुकूम सांगितला. क्रम मुद्दामच असा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पोलिसाला कुणाला दटावायची वेळ आली नाही. १८९७ चा कायदा बदलला नव्हता, फक्त सांगणारा ओळखीचा होता.

भाषेचं मात्र आपण स्वतंत्र झाल्यावर जे केलं त्याला इंग्रज जबाबदार नाहीत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारनं 'पदनाम कोश' काढला आणि आचार्य अत्र्यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून रेवडी उडवली. मराठी राज्यभाषा व्हावी हे योग्यच होतं, त्यासाठी नवे शब्दही हवे होते. पण त्या धांदलीत लोकांच्या तोंडचे शब्द मागच्या दाराने बाहेर गेले. 'जाहीरनामा' गेला आणि 'अधिसूचना' आली. आता जाहीरनामा फक्त निवडणुकीत पक्षांचा निघतो, आणि त्यातलं काय कळतं ते सोडा. 'मनाई'चा 'प्रतिबंध' झाला, 'होडी'ची 'नौका' झाली, जाळी 'लावायची' ती 'प्रस्थापित' होऊ लागली. पाटीवर अजून 'सक्त मनाई' टिकून आहे, कारण माणूस बुडू नये असं खरोखर वाटत असेल तर 'पूर्णतः प्रतिबंधित' लिहून चालत नाही हे कुणालाही समजतं.

तर त्या संध्याकाळी मी काकांना कागद सांगितला. वाचून नाही, सांगितला. खाडीचा कुठला पट्टा ते त्यांनीच मला बोटानं दाखवलं, कारण कागदावर नकाशातले आकडे होते आणि ते मला कळले नव्हते. पट्ट्यात अकरा जणांच्या होड्या लागतात. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही अर्ज लिहिला. साधा, पानभर: भरतीला होड्या याच वळणात का आणाव्या लागतात, पावसाळ्यात दुसरीकडे का टिकत नाहीत, दुसरी जागा द्यायची असेल तर कुठली चालेल. सात सह्या झाल्या आणि चार अंगठे. अंगठ्यांच्या वेळी मी प्रत्येकाला अर्ज पुन्हा सांगितला. एक आजी वैतागून म्हणाल्या, "आता किती येला सांगशील?" त्यांना नानांचं काय सांगणार.

अर्ज मुदतीत पोहोचला. पोचपावतीवर शिक्का आहे, बाकी अजून काही उत्तर नाही. होड्या तिथेच लागतात.

आता खांबाला नवा कागद लागला की काका त्याचा फोटो मोबाईलवर पाठवतात. खाली काही लिहीत नाहीत, लगेच त्यांचा आवाज येतो: "सर, लिवू नका, बोलून पाठवा." गेल्या महिन्यात भरावासंबंधीची एक सूचना होती. मी जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून दोन मिनिटं बोललो आणि पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी माझाच आवाज पलीकडच्या तीरावरच्या एका माणसाने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सर्वांनी ऐका'.